पुण्यातली मिटवलेली केस

न्युरेम्बर्गला आमच्या स्वयंपाकघरात आम्ही जर्मन नागरिकत्वाचे अर्ज भरत बसलो होतो. नवरा भराभर खुणा करत होता. गुन्हा, खटला, चौकशी, परदेशातलीसुद्धा, असं विचारणाऱ्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

“पुण्यात एक केस होती,” तो म्हणाला. “इंजिनिअरिंगच्या वेळची, मारामारीची. पण ती मिटलीय. आल्झो, म्हणजे मग, ‘नाही’च लिहितो.”

माझं डोकंच फिरलं. लग्न ठरवताना सासरच्यांनी पत्रिकेतला मंगळसुद्धा लपवला नव्हता. आणि ही केस मला चौदा वर्षांनी एका सरकारी फॉर्ममुळे कळत होती!

“मिटली म्हणजे? कोर्टाने सोडलं?”

“बाबांनी मिटवली.”

मी तिथूनच सासऱ्यांना फोन लावला. “बाबा, केस बंद झाल्याचा कागद आहे का तुमच्याकडे?”

“अगं, कागद कशाला? चौकीतल्या साहेबांशी बोललो होतो मी. पासपोर्टच्या वेळी पोलीस आले, त्यांनाही चहा पाजून पाठवलं. ‘नाही’ लिहा. तिकडे कुणाला कळतंय?”

कळलं तर? अर्जात खोटं लिहिणं हाच इथे गुन्हा, मिळालेलं नागरिकत्वसुद्धा काढून घेतात. आणि खरं लिहावं, तर केस चालू असली की ती संपेपर्यंत त्याचा अर्ज पडून राहणार. मला भीती वाटत होती आणि ती मी त्याच्यावर खेकसून काढत होते. पुण्यातल्या वकील मैत्रिणीला चौकशी करायला सांगितलं. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. केस उघडीच होती. तारखा पडत होत्या, आरोपी कधी हजरच झाला नव्हता.

“बघ,” नवरा म्हणाला, “‘हो’ लिहिलं की सगळं बोंबललं.”

चार दिवस आम्ही सगळे नुसतं केस आणि कागद यांचंच बोलत होतो. मीसुद्धा.

“तू मारलं होतंस का रे?” मी विचारलं.

त्याने अर्ज बाजूला सारला. “हो. मेसमधल्या वाढप्याला. भाजी संपली म्हणाला म्हणून. बाबांच्या वयाचा होता. त्याला एका कानाने ऐकू येईना झालं.” मग म्हणाला, “हे मला कुणी कधी विचारलंच नाही.”

त्याने अर्ज पुढे ओढला आणि ‘हो’च्या चौकटीत खूण केली. पेन हातातच होतं.

“असेल का गं तो अजून?”