न धुतलेला अभ्रा
२०२२ साल, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. आमची ही विसराळू झाली होती, आणि मे महिन्यातल्या एका सकाळी बिबवेवाडीच्या घरातून ती नाहीशी झाली. दुपारी पोलिसांनी एका बाईंना बोलावलं. नोकरी सांभाळून त्या आपल्या कुत्रीला घेऊन हरवलेली माणसं फुकट शोधून द्यायच्या. "काका, आजींचा न धुतलेला कपडा द्या." म्हटलं, "आमच्याकडे पारोसं काही राहत नाही." शेवटी उशीचा अभ्रा सापडला. कुत्रीनं तो हुंगला आणि फाटकाऐवजी जिन्याकडे वळली. मी ओरडलो, "अहो, गुडघ्यांमुळे ती जिना चढतच नाही!" बाई म्हणाल्या, "हिला गुडघ्यांचं माहीत नाही, काका." चार मजले चढून गच्चीत गेलो, तर पाण्याच्या टाकीमागे ही बसलेली, ओठ सुकलेले, पण जिवंत. मला हायसं वाटलं, तोच मला बघून तिनं कुत्रीला पुढ्यात ओढलं आणि बाईंना हळूच म्हणाली, "माझ्याकडून दूध उतू गेलंय, यांना सांगू नका." एवढ्या उन्हात बसणं हिनं पत्करलं होतं, माझं ओरडणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हळू आवाजात हाक मारायला गेलो. ते काही जमेना, म्हणून नुसता जाऊन तिच्या शेजारी बसलो.