फुआतिनोच्या वजनाची जागा

आमच्या ओफू बेटावरचा विमानतळ म्हणजे समुद्रालगतची आखूड धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये काटा. काट्यावर आधी सामान चढतं, मग माणूस. विमान छोटं आणि पट्टीच्या अंगावर डोंगर, त्यामुळे माणूस कोणत्या घराण्यातला, चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसतो, याच्याशी वैमानिकाला देणंघेणं नसतं. त्याला फक्त आकडा लागतो. तो आकडा माझा नवरा लाफाएले बघतो. मी शेडला लागून टपरी टाकलीय, केळ्याची भजी आणि कोको विकते. त्यामुळे बेटावरून कोण गेलं आणि कोण राहिलं, हे पाद्रीसाहेबांच्या आधी मला कळतं.

राहणाऱ्यांत पहिलं नाव फुआतिनोचं. सगळं गाव तिला अक्का म्हणे. नवरा तरुणपणी गेला, मूलबाळ नाही, नीरफणसाच्या झाडाखाली एकटीचं घर. अंगाने इतकी भरलेली की चर्चमधल्या बाकावर ती बसली की शेजारी फक्त प्रार्थनेचं पुस्तक मावे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आमच्याकडे भरल्या अंगाची बाई म्हणजे घरात बरकत. रविवारच्या जेवणाला नारळाच्या दुधातली अळूची पानं आधी तिच्या पुढ्यात यायची, आणि तिने "पुरे गं" म्हटलं तर वाढणारीला राग यायचा. जाड असल्याची लाज आम्हाला फक्त त्या शेडमध्ये वाटते. तिथेही लाफाएले मोठ्या माणसांना काट्यावर चढवलं की स्वतः तबकडीसमोर आडवा उभा राहतो आणि आकडा गुपचूप लिहितो.

तिच्या अशा राहण्याची प्रथा कशी पडली ते सांगते. फार वर्षांपूर्वी एकदा विमान जड झालं. वैमानिक म्हणाला, कुणीतरी उतरा. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. तेव्हा अक्का हसत उठली. "बसा रे सगळे. मी पुढच्या विमानाने जाईन. माझ्या जागेत दोन माणसं जातील, वर एक डुक्करही." केवढा हशा झाला! आणि खरंच तिच्या जागेत दोन माणसं गेली. डुक्कर नव्हतं, पण माशांची पेटी गेली.

इथपर्यंत ठीक होतं. पण आमची माणसं हुशार. पुढच्या वेळी कुणाच्या तरी घरी लग्न निघालं, सामान फार, आणि विमान कंपनी माणसामागे ठरलेल्यापेक्षा जास्त ओझं घेईना. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की अक्काचं नाव प्रवाशांत टाकायचं, काट्यावर तिचं वजन भरायचं, आणि आयत्या वेळी ती उतरली की तेवढ्या वजनाचं सामान तिच्या जागी चढवायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, ते हेच. लग्न असो, बारसं असो, चर्चचं संमेलन असो, आदल्या संध्याकाळी कुणीतरी भाजलेला मासा पानात गुंडाळून तिच्या दारात उभं. "अक्का, उद्या तुमचं नाव टाकू?"

"टाका की," ती म्हणायची.

मग सकाळी ती न्हाऊन, इस्त्रीचा लांब पोशाख घालून, कानामागे फूल खोचून यायची. अगदी प्रवासाला निघाल्यासारखी. काट्यावर चढायची. लाफाएले लिहायचा. मग ती गुडघ्यावर हात ठेवून म्हणायची, "आई गं, कळ आली. आज काही जमत नाही बाई." आणि सगळे एका सुरात, "अरेरे!" लहान पोरांनासुद्धा हे नाटक पाठ. पेट्या चढायच्या, विमान उडायचं, आणि अक्का माझ्या टपरीवर बसून भजी खात ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायची.

एकदा मात्र मला राहवलं नाही. "अक्का, खरंच कधी जावंसं वाटत नाही?"

"जाऊ कुणाकडे? बहिणीकडे, एमेलेकडे? तिचा संसार मोठा. मी गेले की दोघींना झोपायला चटई कमी पडेल."

"अहो, विनोद नका करू."

तिने हातातलं भजं खाली ठेवलं. "हे बघ, घरी परतले की दिवेलागणीला प्रार्थना म्हणते, तेव्हा 'आमेन' म्हणायला दुसरं कुणी नसतं. माझं मलाच म्हणावं लागतं. इथे निदान चार माणसं माझं नाव घेतात." मग भजं उचललं आणि म्हणाली, "केळं कच्चं होतं हो तुझं."

एमेले तिची धाकटी बहीण, मोठ्या बेटावर पागो पागोला दिलेली. अर्ध्या तासाचं विमान. दर रविवारी फोन यायचा, आणि अक्का फोनवर अशी ओरडायची की माझ्या घरात ऐकू यायचं. शेवटी ठरलेलं असायचं. एमेले विचारायची, "ताई, कधी येतेस?" आणि अक्का म्हणायची, "पुढच्या विमानाने!" दोघी खो खो हसायच्या.

मग एमेलेची मूत्रपिंडं बिघडली. साखरेने खाल्ली. फोनवरचा आवाज बारीक झाला, आणि एका रविवारी हसणं ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः लाफाएलेकडे आली. "माझं नाव लिही. ह्या वेळी खरं."

त्याने लिहिलं. पण त्याच विमानाने चर्चच्या संमेलनाला सिएनीच्या पेट्या जायच्या होत्या. सिएनी म्हणजे आमच्या मताईची, घराण्याच्या कर्त्याची बायको, आणि मताई अक्काचा चुलतभाऊ. सिएनीने यादीत अक्काचं नाव पाहिलं आणि नेहमीसारखी ती उतरेल असं धरून चालली. खेकडे, शेवंडं, बर्फ घालून पेट्या शेडमध्ये मांडूनसुद्धा झाल्या. अक्का काट्यावर चढली. पेट्यांकडे पाहिलं. सिएनीकडे पाहिलं. गुडघ्यावर हात गेला.

विमान गेल्यावर मी तिच्यावर कडाडले. "तोंडाला काय कुलूप लागलं होतं? शेवंडं महत्त्वाची की बहीण?"

"सगळे बघत होते गं," ती म्हणाली. "मला हो म्हणता येतं. नाही कसं म्हणतात ते कुणी शिकवलंच नाही." डोळे पुसायला तिने कानामागचं फूलच काढलं, रुमाल आहे की फूल हेही तिला कळलं नाही.

पुढच्या विमानाचा दिवस वाऱ्यात गेला. त्याच्या पुढचाही. बोट पागोला दुरुस्तीला पडलेली. वारा थांबायच्या आत एमेले गेली.

आमच्यात मयताला माणसं जातात त्याहून चटया महत्त्वाच्या. साध्या नव्हेत, मानाच्या. रेशमासारख्या मऊ, विणायला महिने लागतात अशा. माहेरच्यांनी चटया आणल्या नाहीत तर मेलेल्या बाईला माहेर नव्हतं असा अर्थ होतो. मताई संमेलनाला गेला तो वाऱ्यामुळे पागोलाच अडकला होता. चटया गोळा करून पाठवायचं काम सिएनीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी दफन, म्हणजे हे विमान चुकलं तर सगळं चुकलं. विमानात बाकी जागा दवाखान्यात जाणाऱ्या लोकांनी भरलेल्या. एक पोटुशी बाई, दिवस भरलेली, एक काठीवरचा म्हातारा. त्यांना कोण उतरवणार? उरली एक जागा. नाव फुआतिनो.

आणि इथे चूक झाली, जी आमच्याच बेटावर होऊ शकते. अक्काने आपलं नाव दिलं ते बहिणीला माती द्यायला जायचं म्हणून. सिएनीने तेच नाव पाहिलं आणि म्हणाली, बरं झालं, न सांगता सोय केली. दोघींना वाटलं दुसरीला ठाऊक आहे. विचारणार कोण? तिच्याच बहिणीच्या चटया, तिला काय विचारायचं!

अक्का काळे कपडे घालून आली. फूल नव्हतं. मी कोको पुढे केला, तिने मानेनेच नको म्हटलं. काट्यावर चढली. लाफाएले तबकडीसमोर उभा राहिला, आकडा लिहिला. मागे सिएनीच्या माणसांनी गाठोडी उचललीसुद्धा.

कुणीतरी सवयीने म्हणालं, "काय अक्का, गुडघा?"

अक्का काट्यावरच उभी राहिली. उतरली नाही.

सिएनी जवळ आली, वाकून, आदबीने. नवऱ्याची बहीण म्हणजे आमच्यात मोठा मान, तिला आवाज चढवून बोलता येत नाही. "वन्सं, उतरताय ना? वैमानिक घाई करतोय."

"मी जाणार आहे."

"हो हो, जायचंच. पुढच्या विमानाने तुम्हाला पहिली जागा, मी स्वतः सांगते."

"पुढच्या विमानाने तिच्या मातीवर गवत उगवलेलं असेल."

सिएनीचा चेहरा उतरला. "वन्सं, चटया नाही गेल्या तर तिथे आपल्या घराण्याची अब्रू काय राहील? एमेलेची काय राहील? तुम्ही काय नेणार तिथे, रिकामे हात?"

"त्यातल्या दोन चटया मी आणि एमेलेने मिळून विणल्यात," अक्का म्हणाली. "मला माहीत आहे त्या काय आहेत. तरी मी उतरणार नाही."

तिला हाताला धरून उतरवायची कुणाची छाती नव्हती, आणि पुन्हा उतरा म्हणायला जीभ रेटत नव्हती. सगळे लाफाएलेकडे बघायला लागले, जणू वजन त्याने निर्माण केलं होतं. तो माझ्याकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "यादीत बाईचं नाव आहे की चटईचं?"

गाठोडी खाली ठेवली गेली. एक बाई रडायला लागली, अक्कासाठी नव्हे, चटयांसाठी. अक्का एकटी पट्टीवरून चालत विमानाकडे गेली. तिच्यामागून निरोप द्यायला कुणी गेलं नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला विमानाच्या पायऱ्या चढताना पाहिलं. शेवटच्या पायरीवर ती थांबली, कारण वर गेल्यावर काय करायचं ते तिला माहीतच नव्हतं. मग वैमानिकाने हात दिला.

पुढचं तिनेच मला सांगितलं, परत आल्यावर, कितीतरी दिवसांनी.

पागोला मताई पिकअप घेऊन उभा होता, चटया उतरवायला धट्टीकट्टी मुलं घेऊन. दार उघडलं, ही उतरली. मताईने हिच्या खांद्यावरून विमानात वाकून पाहिलं.

"चटया?"

"नाहीत."

"मग आणलंस काय?"

"मी आले आहे."

तो वळून गाडीत जाऊन बसला. मुलंही रिकाम्या हातांनी गाडीत चढली. हिला मागे बसवलं, गाठोडी ठेवायची होती तिथे. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तिला वाटे, आता कुणीतरी विचारेल, दमलीस का. कुणी विचारलं नाही.

सकाळी एमेलेच्या घरापुढच्या गवतावर एकेका घराण्याचं नाव पुकारलं जाऊ लागलं. नाव पुकारलं की त्या घरच्या बाया चटई उलगडून, चार बाजूंनी धरून, सगळ्यांसमोरून मिरवत नेतात, आणि समोरून सगळे मोठ्याने वाहवा करतात, आभार मानतात. मग एमेलेच्या माहेराचं नाव पुकारलं. मताईने मान खाली घातली. कुणी उठेना. पुकारणाऱ्याने दुसऱ्यांदा नाव घेतलं.

अक्का उठली. हात दोन्ही बाजूंना मोकळे. अख्खं गवत पार करून एकटी चालत गेली. ती म्हणाली, "माझ्या पावलांचा आवाज मला ऐकू येत होता बघ, इतकं शांत होतं. वाहवा कुणी कशाची करणार?"

ती बहिणीच्या उशाशी जाऊन बसली. एमेलेची मुलगी जरा सरकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. आम्ही सांगायचो, पुढच्या विमानाने येतेय."

एवढं सांगून अक्का माझ्याकडे बघत बसली.

"तुम्ही काय म्हणालात त्या पोरीला?" मी विचारलं.

"पोरीला काय म्हणणार? एमेलेला म्हणाले. तिचा हात गार होता. म्हटलं, बाई, आले गं. आज नाही उतरले."