पुण्याला जायची परवानगी

"डॉक्टर, दातवाल्या मॅडम म्हणत्यात, पुण्याला जाऊन फोडाचा तुकडा तपासा. जाऊ का?"

सिंधूताई तोंडावर पदर धरून विचारत होत्या. निरगुडसरला माझा दवाखाना होता. आमच्याकडे फॅमिली डॉक्टरला विचारल्याशिवाय माणूस मोठ्या हॉस्पिटलची पायरी चढत नाही. मी नुसतं 'जा' म्हणायचं होतं.

त्यांच्या तोंडातल्या फोडांवर मी कित्येक महिने बी कॉम्प्लेक्स आणि जेल देत होतो. भाकरी सुटली. पुढे दुधात कुस्करलेलीही गिळवेना. माझं निदान एकच, उष्णता. डॉ. मणियार मॅडमनी छोट्या आरशाने एकदा तोंड पाहिलं आणि त्यांना शंका आली.

मॅडम जुन्नरच्या. वडिलांचं बांगड्यांचं दुकान. त्यांचं क्लिनिक माझ्या खिडकीतून दिसायचं. दाढ दुखणारे तिकडे जाणारच. पण लोक तापाचंही त्यांनाच विचारायला लागले होते. त्यांच्या दारातल्या चपलांपैकी माझ्या पेशंटच्या कोणत्या, हे मी ओळखायला शिकलो होतो.

"दात उपटणारीला कातडीतलं काय कळतं? थांबा, सुई देतो," मी म्हणालो.

सुई म्हणजे स्टेरॉइड. सूज, खाज, दुखणं लगेच दबतं. रोग आत तसाच राहतो. फोड बसले. सिंधूताईंचे मालक बबनराव मॅडमच्या दारात उभं राहून म्हणाले, "आमच्या डॉक्टरच्या हाताला लई गुण हाय, राव!" मी खिडकीतून ऐकलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

मग पाठीवर फोड उठले. पुन्हा सुई. बसले, आणि जास्त उठले. एके सकाळी झंपर काढताना पाठीची सालच निघून आली. या वेळी बबनराव मला विचारायला आले नाहीत. मॅडमनी स्वतःच्या गाडीतून सिंधूताईंना पुण्याला नेलं.

रोगाचं नाव पेम्फिगस. कातडीच्या पेशींना धरून ठेवणारा जणू डिंक असतो. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून तोच तोडते. सुरुवात बऱ्याचदा तोंडात होते. औषध स्टेरॉइडच, पण ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली.

पुण्याहून मॅडमचा फोन आला. "सर, आधी इंजेक्शन कुठलं दिलेलं? इथले डॉक्टर विचारतात."

"डेक्सा."

"वाटलंच, स्टेरॉइड. काळजी करू नका सर, गावात मी काही बोलणार नाही."

त्यांचा हा चांगुलपणाही मला सहन झाला नाही.

सिंधूताई वाचल्या. पुढे माझ्या निवृत्तीच्या सत्कारात सरपंच माइकवर म्हणाले, "डॉक्टरांनी येळेवर पुण्याला धाडलं, म्हणून बाई वाचली." बबनराव खाली बघत होते. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मी हार सावरला आणि सरपंचांचे आभार मानले.

मी धाडलं नव्हतं. मी अडवलं होतं.

तोंडातले फोड दोन-तीन आठवड्यांत बरे झाले नाहीत, तर तज्ज्ञाकडे जा. 'जाऊ का' म्हणून माझ्यासारख्याला विचारत बसू नका.