आमच्या गावात उद्योग नाही

‘गावाच्या हद्दीत सध्या कोणताही उद्योग अस्तित्वात नाही’ हे ग्रामसभेच्या ठरावातलं वाक्य मी टाइप केलं, तेव्हा आई घरात घुंगरं झाळत बसली होती. ग्रामपंचायतीपासून आमचं घर चार दारं सोडून. मी खुर्चीतून उठून उंबऱ्यात गेले असते तरी ती मला दिसली असती.

मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. दाखले, उतारे, ठराव, नोटिसा, जे सांगतील ते टाइप करायचं. माझं शुद्धलेखन चांगलं आहे आणि त्याचा मला फार अभिमान होता. त्या ठरावातही मी एक काना दुरुस्त केला होता.

हुपरीचे चांदीचे पैंजण सगळ्यांना माहीत असतात. पण एक जोड तयार व्हायला किती घरं फिरतो, ते आमच्यासारख्या आसपासच्या गावांनाच ठाऊक. समोरच्या चाचीच्या घरी तारेच्या कड्या गुंफून साखळी व्हायची. आमच्याकडे तिला घुंगरं झाळली, म्हणजे डाग देऊन जोडली जायची. मग पुढच्या गल्लीत पॉलिश, आणि तिथून माल हुपरीला. आई लग्न होऊन आली आणि सासूच्या शेजारी बसून हे शिकली. सांध्यावर डाग धरायला टाकणखार लावायचा, दिव्याची ज्योत फुंकणीनं वळवायची आणि श्वास सांभाळायचा. फुंकर कमी पडली तर घुंगरू निसटतं, जास्त झाली तर साखळीच वितळते. तिचं घुंगरू तुटून परत आल्याचं मला एकदाही आठवत नाही. लग्नाचा जोड असला की हुपरीचे व्यापारी मुद्दाम निरोप धाडायचे, त्याच बाईकडं द्या म्हणून.

पण तिला कारागीर म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्या गल्लीत या कामाला ‘बसणं’ म्हणतात. शाळेत बाईंनी विचारलं, आई काय करते, तर मी सांगायची, काही नाही, घरीच असते, बसते. गल्लीतल्या सगळ्याच पोरी असं सांगायच्या. त्यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग चांदीचा भाव चढत गेला तशी मागणी बसली. पोरं इचलकरंजीला, पुण्याला निघाली. गाव खरंच खचत चाललं होतं, हे मी मान्य करते. म्हणून मागास भागात नवा कारखाना काढणाऱ्याला सरकार काही वर्षं कर परत देतं, विजेवरचं शुल्क माफ करतं, जमिनीच्या कागदावरची स्टँप ड्युटी सोडतं, असं कळलं तेव्हा मलाही आनंदच झाला. कारखाना होता पैंजणाचा. सगळे म्हणाले, आपलंच काम, आता मोठं होईल.

कंपनीचा माणूस आला तो पावणा म्हणूनच. सरपंच त्याला गल्ली दाखवायला घेऊन आले. आईनं त्याला पाट दिला, चहा ठेवला आणि शेजारी बसवून सगळं करून दाखवलं. आमच्याकडं पावण्यापासून काही झाकायची रीत नाही. तो नीट विचारत होता. हात कुठं थांबतो? कुठल्या घरी माल पडून राहतो? डोळे दुखले की काय करता? शेवटी म्हणाला, “तुमच्यानंतर इथं कोण बसणार?”

आई हसली. “कोण बसतंय आता? ही बसती व्हय, कॉम्प्युटरवाली?”

मीही हसले. त्यानं तेही लिहून घेतलं.

तो गेल्यावर चाची दारातून आत आली आणि कप उचलून बघितला. “चा तसाच गार झालाय त्याचा,” ती म्हणाली. “वही तेवढी भरली.” आई तिला म्हणाली, तुला प्रत्येकात खोटच दिसती. मी कप विसळून ठेवला. चाचीचं बोलणं कामाच्या नादात विसरूनही गेले.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा सल्लागार ठरावाचा मसुदा घेऊन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. गाव जितकं कोरं, तितकी सवलत मोठी आणि प्रकरण तितकं लवकर सरकणार. तेव्हा गावात उद्योग नाही, असं ग्रामसभेनंच लिहून द्यावं.

सभेला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मीच उभी राहून ठराव वाचला. वाचून होतं न होतं तोच मागून चाची उठली.

“मग आमी हितं काय हजामती करतोय व्हय?”

सगळी सभा हसली. सरपंच पण हसले. “चाची, ते उद्योग न्हाय. उद्योग म्हंजे शेड, मशीन, नोंदणी. तुमचं आपलं घरकाम. आन् बाहेरचा पैसा, सरकारची सवलत, फायदा गावाचा. पावण्याच्या काठीनं साप मरतोय तर मारू की!”

साप कोण, हे कुणी विचारलं नाही. आईनं हात वर केला. मीही केला, खरं तर ऑपरेटरनं मतदान करायचं कारण नव्हतं. चाची उभी होती ती खाली बसली. ठराव एकमतानं मंजूर, असं मी लिहिलं.

माळावर शेड उभी राहिली. निळे पत्रे, आणि रस्त्याच्या बाजूला एकही खिडकी नाही. उद्घाटनाला पेढे वाटले. ग्रामपंचायतीनंही आपल्या परीनं शेडच्या करात सूट दिली, आणि त्याच आठवड्यात घरपट्टी थकवलेल्यांच्या नोटिसा काढल्या. दोन्ही कागद मीच टाइप केले. गावातल्या काही बायका-पोरी कामाला लागल्या. त्यांना आत काय चालतं विचारलं, की म्हणायच्या, मशीनच सगळं करतं, आम्ही फक्त बघायचं.

मशीनमधून साखळी, घुंगरू, सगळं एका दमात निघत होतं. वर सवलत, त्यामुळं भावात आमची घरं कुठं टिकणार? आमच्या दिव्यावर कुणी काही माफ केलेलं नव्हतं. तरी हे एका दिवसात घडलं नाही. आधी व्यापाऱ्यांचे निरोप उशिरा यायला लागले. मग पॉलिशवाल्यांच्या मोटारीचं घरघरणं दुपारनंतर थांबायला लागलं, मग सकाळीही ऐकू येईना. आई रोज अंघोळ करून दिव्यापाशी बसायची. टाकणखार भिजवून ठेवायची आणि समोरच्या दाराकडं बघायची. समोरून साखळी आली तरच तिच्या हाताला काम. मला घरी जेवायला जायची भीती वाटायला लागली.

घरी बसून दागिने घडवणाऱ्यांसाठीही सरकारची मदत असते, असं मला ऑफिसात आलेल्या एका पत्रकावरून कळलं. मी सगळ्या गल्लीची यादी केली, फोटो काढले, अर्ज लिहिला आणि कोल्हापूरला उद्योग खात्याच्या ऑफिसात गेले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज पूर्ण वाचला, मग गावाची फाइल मागवली आणि एक कागद माझ्याकडं फिरवला.

“बाई, हा तुमच्याच ग्रामसभेचा ठराव. गावात उद्योग नाही म्हणता. मग जो नाहीच, त्याला मदत कशी देऊ?”

कागदावर मी दुरुस्त केलेला काना होता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. मी विचारलं, ठराव बदलता येईल का? तो म्हणाला, बदलला तर कंपनीची सवलत अडचणीत येईल, मग तिथल्या बायकांच्या नोकऱ्यांचं तुम्ही बघा. मी अर्ज परत पिशवीत घातला.

चाचीनं सामान गोणीत भरलं आणि ती मुलीकडं पेठ वडगावला गेली. जाताना मला म्हणाली, “त्या दिवशी मी हात वर क्येला न्हवता. पन गुमान खाली बसले. तितंच चुकले बघ.” मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं मला वरच्या वर धरलं. ती रडत नव्हती, मीच रडत होते.

सवलतीची वर्षं आता संपत आली आहेत. ती संपली की शेडचं काय होतं, हे मी दुसऱ्या गावांतल्या ऑपरेटरांकडून ऐकते. मशीन ट्रकवर चढायला दोन दिवस पुरतात म्हणे. कंपनीची माणसं कुठंतरी लांबच्या तालुक्यात जमीन बघून आलीत, असं इथं शेडमध्येही बोलतात.

आणि अशात गेल्या महिन्यात आई म्हणाली, मला तिथला फॉर्म आण.

मी तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, “जेवढं दिस हाय तेवढं हाय. नुस्तं बसून बसून माझं हात मेलं.” शेवटी मी फॉर्म आणला. तो देताना गेटवरचा क्लार्क म्हणाला होता, नव्यानं शिकणाऱ्यांच्या नावावर कंपनीला प्रशिक्षणाची वेगळी सूट मिळते, तेव्हा कोरी माणसं आधी घेतात.

नाव, वय, पत्ता मी भराभर लिहिलं. पुढच्या रकान्यात होतं, या कामाचा पूर्वीचा अनुभव. तिथं माझं पेन थांबलं. आई शेजारी बसून बघत होती. गेटवर काय सांगितलं ते मी तिला सांगितलं.

“न्हाय म्हणून लिव्ह की,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “गावाचं लिवलंस तवा न्हाय थांबलीस.”

मी ‘नाही’ लिहिलं आणि सहीसाठी कागद तिच्यापुढं सरकवला.