सासूबाईंचं सरकारी खातं

नवरा गेल्यावरही त्याचा फोन मी चार्ज करत राहिले. सासूबाईंच्या सरकारी खात्याचा कोड त्यावरच येई. आपल्याकडे मुलगा आईवडिलांचं सगळं ऑनलाइन काम स्वतःच्या नंबरवर उरकून टाकतो, तसंच त्यानेही केलं होतं. पासवर्ड मात्र त्याच्या डोक्यात होता.

इथे परदेशात, क्रेगीबर्नच्या आमच्या घरी सासूबाईंना आंघोळ घालायला सरकारतर्फे एक बाई येते. ती पुढेही यायला हवी असेल, तर शुक्रवारपर्यंत खात्यात जाऊन होकार द्यायचा होता. त्यांच्या सरकारी ऑफिसात गेले, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "ऑनलाइन लवकर होईल. नो वरीज."

मी इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, लायब्ररीत काम करते. पुस्तकं मागणाऱ्यांपेक्षा हातात फोन घेऊन "हे कसं भरायचं?" विचारणारेच हल्ली जास्त येतात. ज्यांच्या घरात कोणी जाणतं आहे, त्यांच्यापर्यंत सरकारी मदत पोचते. बाकीच्यांपैकी काही माझ्या टेबलापर्यंत येतात. न येणाऱ्यांचं काय होतं, मला माहीत नाही. आता आमच्याही घरातलं जाणतं माणूस गेलं होतं.

गुरुवारी दुपारी लॅपटॉप घेऊन सासूबाईंशेजारी बसले. 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केलं, तसा त्याच्या फोनवर कोड आला. मग पडद्यावर प्रश्न आला: आईचं माहेरचं आडनाव?

सासूबाईंनी आपल्या आईचं सांगितलं. चूक.

"अगं, माझी आई मला माहीत नाही होय? स्पेलिंग बघ."

स्पेलिंग बदललं. पुन्हा चूक. आता एकच संधी होती.

"मी जिवंत आहे हे सांगायला मेलेल्याचा फोन लागतो," त्या म्हणाल्या, "आणि वर परीक्षाही!"

मला हसू आलं नाही. थकून मी पडद्याकडे बघत राहिले आणि मग लक्षात आलं. खातं आईचं असलं तरी भरणारा तो होता. आईचं आडनाव विचारल्यावर त्याने स्वतःच्या आईचं दिलं असणार.

"आई, तुमचं माहेरचं टाकते."

खातं उघडलं. मी होकार दिला. बाई येत राहणार होती. मग पडद्यावर विचारलं, नंबर आणि प्रश्नाचं उत्तर बदलायचं का?

सासूबाईंनी त्याचा फोन उचलून मांडीवर घेतला.

"नंबर तुझा घाल," त्या म्हणाल्या. "उत्तर राहू दे."