लाम्बेर्टचा उजवा पाय

लाम्बेर्टच्या शेजारी बसून कॉफी प्यायची म्हणजे आधी आपला कप धरून ठेवावा लागतो. त्याचा उजवा पाय टेबलाखाली सतत काहीतरी दाबत असतो. आठवडाभर तो जर्मनीतल्या आमच्या आयफेलच्या डोंगरांत वळणावळणांच्या रस्त्यांवर पोरांना गाडी चालवायला शिकवतो. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, आणि पोरगं चुकायच्या आधीच ह्याचा पाय त्यावर गेलेला असतो. रविवारी तोच पाय चर्चच्या ऑर्गनवर चालतो. चर्चची किल्ली माझ्याकडे असते, मेणबत्त्या, फुलं, झाडलोट सगळं मीच बघते, त्यामुळे हे येरझारा घालणारं ध्यान माझ्या वाट्याला जरा जास्तच आलंय.

त्याचा एगोन अगदी उलटा. एगोन खाटीक, एका जागी घट्ट उभा राहणारा, आणि आवाज असा की दुकानात मटण तोलताना बोलला तर रस्त्यापलीकडच्या बेकरीत हसू फुटायचं. कार्निव्हलला मंचावर उभं राहून अख्ख्या गावाची सालं काढायचा मान त्याचा. दोघं एका घरात राहायला लागले तेव्हा गावाने ठरवलं, ते भाडेकरू आहेत. कोण कोणाचा भाडेकरू, हे कोणी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे अशा लग्नांचा कायदा झाल्यावर दोघं नगरपालिकेत जाऊन सह्या करून आले, आणि दुसऱ्या दिवशी एगोनने प्रत्येक गिऱ्हाइकाला एक सॉसेज फुकट दिलं. गावाने सॉसेज खाल्लं आणि तरीही काही विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला संत ब्लासियसचा दिवस असतो. संध्याकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर, घशाचा आशीर्वाद मिळतो. फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून एकेकाच्या गळ्याशी आणतात, घशाची दुखणी दूर राहोत म्हणून एक वाक्य म्हणतात, माणूस ‘आमेन’ म्हणून पुढे सरकतो. मी मेणबत्त्या देऊन शेजारी उभी असते. रांग संपेपर्यंत ऑर्गन वाजत राहतो, म्हणजे लाम्बेर्ट वर ऑर्गनच्या माडीवर अडकलेला. म्हणून एगोन दरवर्षी आपला आशीर्वाद घ्यायचा आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहायचा. दुसऱ्यांदा समोर आला की फादर क्लेमेन्स विचारायचे, “आणि लाम्बेर्टसाठीही?” एगोन म्हणायचा, “हो.” ऑर्गनच्या गडगडाटात ते दोघांना आणि मलाच ऐकू यायचं.

मग एका उन्हाळ्यात एगोनचा आवाज बसला, तो उठलाच नाही. सगळे म्हणाले, कार्निव्हलला ओरडून ओरडून घसा फाटलाय, मध घे. मधाने काय होणार होतं? घशात गाठ निघाली. किरणं झाली, औषधं झाली, आणि जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. ब्लासियसच्या दिवसानंतरच्या मंगळवारी ऑपरेशन.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच दिवशी एगोन माझ्याकडे आला. आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येत होता.

“हाइडी, मला आपल्या चर्चमध्ये लाम्बेर्टच्या शेजारी उभं राहून ‘हो’ म्हणायचंय. माझ्या स्वतःच्या गळ्याने.”

“फादरना विचारलंस?”

“विचारतोय की वर्षभर. ते म्हणतात, संवाद चालू आहे.”

तो संवाद मला तोंडपाठ होता, कारण चर्चचं सभागृह उघडून केक मीच मांडत होते. बिशपांकडून डॉक्टर हाइमबाख नावाचे एक मोठे फादर येत, धर्मशास्त्राचे डॉक्टर. आमचे फादर क्लेमेन्स असत. एगोन आणि लाम्बेर्ट असत, आणि पलीकडच्या गावातून ब्रिटा आणि वेरोनिका, दोघी जोडीने राहून गोठा चालवणाऱ्या. सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलत की मला दात दुखल्यासारखं होई. नाताळच्या तोंडावर रोमहून पोपची परवानगी आली होती की अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला हरकत नाही, पण तो छोटा असावा, सहज असावा, आणि लग्नासारखा तर मुळीच दिसू नये. मला वाटलं, सुटलो. कसले सुटतोय! आता ‘सहज’ म्हणजे काय ह्यावर संवाद सुरू झाला.

शेवटच्या बैठकीत एगोन म्हणाला, “फादर, तुम्ही अग्निशामक दलाच्या बंबाला आशीर्वाद दिलात. माझ्या सॉसेजच्या नव्या यंत्रावरही पाणी शिंपडलंत. त्या यंत्राने असं काय पुण्य केलं होतं?”

ब्रिटा फिसकन हसली. डॉक्टर हाइमबाख मात्र हसले नाहीत.

“आशीर्वादाला ना नाहीच,” ते म्हणाले. “दोघांनी यावं, फादर एक छोटी प्रार्थना करतील. पण ‘ह्याचा स्वीकार करतोस का’ असा प्रश्न विचारायचा नाही आणि तुम्ही ‘हो’ म्हणायचं नाही. ते लग्नातलं आहे.”

“मला तर तेवढंच हवंय,” एगोन म्हणाला.

“बाकी सगळं घ्या, पण तेवढं सोडून?” वेरोनिका फाडकन बोलली. “जेवायला बोलवायचं आणि वर सांगायचं, तोंड उघडू नका!”

टेबल हलायला लागलं. लाम्बेर्टचा पाय.

“फादर क्लेमेन्स,” तो म्हणाला, “तुमचं काय मत आहे? त्यांचं ऐकलं. तुमचं सांगा.”

फादर क्लेमेन्स भला माणूस. आजाऱ्याच्या घरी पायी जाईल, कोणाच्या मातीला उशीर करणार नाही. पण ठाम बोलायची वेळ आली की त्यांचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं होतं. चष्मा काढून पुसत ते म्हणाले, “लाम्बेर्ट, मला थोडा वेळ हवाय.”

“वेळ मंगळवारपर्यंत आहे,” लाम्बेर्ट म्हणाला आणि कोट न घालताच बाहेर गेला. मला इतका राग आला की उरलेला केक मी कोणालाच बांधून दिला नाही.

नंतरच्या दिवसांत लाम्बेर्टने सगळ्यांचा जीव नकोसा केला. माझ्या भाचीला तो गाडी शिकवत होता. ती म्हणाली, “मावशी, सरांचा पाय ब्रेकवरून उठतच नाही, आम्ही बाजारापर्यंतही पोचत नाही.” संध्याकाळी तो चर्चमध्ये यायचा, दोन ओळी वाजवायचा, उठायचा, खाली यायचा, पुन्हा वर जायचा. एकदा जिन्यात थांबून मला म्हणाला, “घरी तो दिवसभर बोलतोय, हाइडी. फ्रिजशी बोलतो, मांजराशी बोलतो, संपवून टाकायचं असल्यासारखा. मला ऐकवत नाही, आणि खोलीतून बाहेरही पडवत नाही.” मी त्याचा मफलर नीट केला.

ब्लासियसच्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत कार्निव्हल, त्यामुळे दोन-चार पोरं चेहऱ्याला रंग लावूनच आली होती. मिस्सा झाली, मी मेणबत्त्या दिल्या, रांग लागली, ऑर्गन सुरू झाला. एगोन मधेच कुठेतरी उभा होता, गळ्याला पांढरा रुमाल, शर्टाला इस्त्री. त्याचा नंबर आला, मेणबत्त्या गळ्याशी आल्या, तो ‘आमेन’ म्हणाला. ते मला ऐकू आलं नाही, ओठ हलले तेवढे दिसले. मग नेहमीसारखा तो रांगेच्या शेवटी गेला.

त्याच्या पुढे दोघं-तिघं उरले असताना ऑर्गन थांबला. कडव्याच्या मध्येच थांबला. लोकांनी माना वर केल्या. माडीच्या लाकडी जिन्यावरून पावलं वाजायला लागली, आणि लाम्बेर्ट मधल्या वाटेने चालत आला, ऑर्गनसाठी घालायचे ते पातळ तळव्यांचे बूट पायात तसेच. येऊन एगोनच्या शेजारी उभा राहिला.

“वाजवणार कोण?” एगोन कुजबुजला.

“कोणी नाही,” लाम्बेर्ट म्हणाला. “मी वर असलो की मला तू ऐकू येत नाहीस.”

पुढचे सरकले. दोघं फादरच्या समोर आले. मी डॉक्टर हाइमबाखांसारखा विचार करून पाहिला: आशीर्वाद छोटा होता, सहज होता, लग्नासारखा म्हणावं तर एगोनच्या इस्त्रीपलीकडे काही नव्हतं. फादर क्लेमेन्सनी मेणबत्त्या उचलल्या. दुसऱ्यांदा आलेल्या एगोनकडे बघून त्यांच्या तोंडून दरवर्षीचंच वाक्य निघालं.

“आणि लाम्बेर्टसाठीही?”

ऑर्गन बंद होता. तो प्रश्न शेवटच्या बाकापर्यंत गेला. तो कसला प्रश्न आहे हे त्या क्षणी सगळ्यांनाच कळलं, आणि विचारणाऱ्यालाही. फादरचे कान लाल झाले. कोणी साधं खोकलंही नाही, घशाच्या आशीर्वादाला!

“हो,” एगोन म्हणाला. खरखरीत, फाटका, पण त्याचा स्वतःचा.

आता फादरनी मेणबत्त्या गळ्याशी धरून दोन शब्द म्हटले असते तरी भागलं असतं. जुनीच रीत झाली, म्हणता आलं असतं. पण ते लाम्बेर्टकडे वळले. चष्मा पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून असेल, सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “आणि तुम्ही, लाम्बेर्ट? एगोनसाठी?”

“हो!” लाम्बेर्ट इतक्या जोरात ओरडला की रंग लावलेलं एक पोरगं दचकून आईला बिलगलं.

“अरे हळू,” एगोन म्हणाला. “घसा माझा जायचाय, तुझा नाही.”

आधी ब्रिटा हसली, मग वेरोनिका, मग सगळं चर्च. फादर क्लेमेन्सही हसले, आणि मेणबत्त्या माझ्या हातात देऊन त्यांनी दोघांच्या डोक्यावर एकेक हात ठेवला. काय म्हणाले ते मी नीट ऐकलं नाही, कारण मी मोठमोठ्याने रडत होते. लाम्बेर्टचा पाय मात्र मी बघितला. फरशीवर निवांत टेकलेला होता.

मंगळवारी ऑपरेशन झालं. पुढे बिशपांकडून फादरना बोलावणं आलं. जाऊन आले, काय झालं ते सांगत नाहीत, पण पुढच्या बैठकीचा केक त्यांनी स्वतः आणला. एगोन आता दुकानात पाटीवर लिहून टोमणे मारतो आणि गिऱ्हाइकाने मोठ्याने वाचून दाखवावं असा त्याचा हट्ट असतो. लाम्बेर्टचा पाय पुन्हा टेबलं हलवायला लागलाय. परवा कॉफी पिता पिता तो मला म्हणाला, “हाइडी, घरात फार शांत असतं गं. मला झोप लागत नाही. मग मी त्याचा तो ‘हो’ आठवतो.”

मी त्याला म्हटलं, “अरे, अख्ख्या गावाला आठवतो.”