पाहुणी म्हणून केलेली तपासणी

माझी आई नातेवाइकांना सांगते, "ती हॉस्पिटलच्या कामात आहे." त्यामुळे बोरीवलीतल्या आमच्या निम्म्या नातेवाइकांना मी डॉक्टर वाटते आणि उरलेल्यांना नर्स. दोन्ही प्रकारचे लोक लग्नकार्यात मला गाठून गुडघे दाखवतात. मी केस मॅनेजर आहे. माणूस हॉस्पिटलमधून घरी आला की त्याचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, त्याला सांभाळायला येणाऱ्या मावशी आणि परगावची मुलं यांचा मेळ घालून द्यायचा, हे माझं काम. थोडक्यात, दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायचं. मला वॉचमनला इंटरकॉम करायचा म्हटलं तरी आधी वाक्य मनात पाठ करावं लागतं. मुलाखतीत मी फार कमी बोलले होते. त्यांना वाटलं, मुलगी ऐकून घेणारी आहे.

नाहूरला एक काका माझ्याकडे होते. सरकारी ऑफिसातून निवृत्त. पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता, बरीच सुधारणा होती. घरात ते आणि काकू, मुलगा बंगळूरला. दिवसभरासाठी एक मावशी लावून दिल्या होत्या. त्यांना पुढे ठेवायचं की बंद करायचं, हे माझ्या भेटीवर ठरणार होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा म्हणतात, गरज नाही. तुम्ही बघा. तुम्ही लिहाल ते फायनल."

आदल्या दिवशी काकूंचाही फोन आला, अगदी हळू आवाजात. "मावशींना काढू नका हं. माझ्या कमरेला यांना उचलणं झेपत नाही. पण हे मी सांगितलं, असं बोलू नका यांच्यासमोर."

मी मरोळच्या ऑफिसातून रिक्षाने गेले. दार काकांनी स्वतः उघडलं. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, मानेवर पावडर. मागे काकूंचा हात त्यांच्या पाठीपासून जरासाच लांब. दाराशेजारच्या खुर्चीत ते बसले ते थेट धपकन.

"मावशी कुठे आहेत?" मी विचारलं.

"दळण आणायला पाठवलंय," काका म्हणाले. "रिकाम्याच बसून असतात. इथे काम काय आहे त्यांना?"

तेवढ्यात पोहे आले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मी मुलगी बघायला आले आहे आणि काका ती मुलगी आहेत, असं मला वाटायला लागलं. काकूंनी वरपक्षाला सांगावं तसं सांगितलं, "सगळं आपलं आपण करतात हो हे." काल फोन केलेल्या बाई त्या याच, यावर माझा विश्वास बसेना. पण आलेल्या माणसासमोर घरातलं गाऱ्हाणं काढायचं नसतं, आणि बशी हातात घेतल्या क्षणी, गळ्यात ओळखपत्र असूनही, मी पाहुणी झाले होते.

ट्रेनिंगमध्ये सगळे प्रश्न इंग्रजीत शिकवले होते. इंग्रजीत काहीही विचारता येतं. मराठीत, आजोबांच्या वयाच्या माणसाला, हातात पोहे असताना, माझ्या तोंडून एवढंच आलं, "काका, म्हणजे ते... बाथरूम वगैरे?"

"वगैरे सगळं व्यवस्थित," काका म्हणाले.

तपासणी संपली. आता निघायला हवं होतं. पण "निघते" म्हणायला बोलण्यात एक फट लागते, आणि ती मला कधीच सापडत नाही. काका ऑफिसातल्या गोष्टी सांगत होते. चहा झाला. लाडू झाला. मग काका बोलायचे थांबले आणि आतल्या खोलीकडे बघायला लागले.

"अहो, तिला उशीर होत असेल," काकू त्यांना म्हणाल्या, म्हणजे मला म्हणाल्या.

"नाही नाही, मला काही घाई नाही," मी म्हणाले. त्या दिवसातलं माझं सगळ्यात कामाचं वाक्य हे, आणि ते मी निव्वळ शिष्टाचार म्हणून बोलले.

काकांच्या कपाळावर घाम आला. "अगं ए," ते काकूंना म्हणाले, "जरा..."

"थांबा ना. जाईल ती आता."

"थांबवत नाही गं!"

तेव्हा कुठे मला कळलं. काका खुर्चीतून उठू शकत नव्हते. वॉचमनचा इंटरकॉम आल्यावर काकू आणि मावशींनी मिळून त्यांना दाराशी उभं केलं होतं आणि मग मावशींना पिटाळलं होतं. प्रयोग बसवलेला होता, फक्त त्यात पाहुणी वेळेवर निघून जाते असं धरलं होतं.

काकूंनी एक बाजू धरली. दुसरी मी धरली. ग्रुप फोटोतही मी शेजारच्या बहिणीपासून अंतर ठेवून उभी राहते. काकांचं वजन अंगावर आलं तसं काकूंच्या तोंडून "आई गं" निघालं. आम्ही तिघं हळूहळू बाथरूमपर्यंत गेलो. मी बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

परत आणून बसवल्यावर काकांनी चुरगळलेला शर्ट सारखा केला. मग म्हणाले, "हे लिहू नका."

मला त्यांचा मान राखायचा होता आणि मावशींनाही ठेवायचं होतं. म्हणून मी मधलं काहीतरी टाइप केलं.

"काय लिहिलंत? वाचा."

"उठताना एका व्यक्तीची मदत लागते."

काकांनी मान वर केली. "एका? आत्ता किती जणी होतात?"

"दोघी."

"मग दोघी लिहा. असली मोघम नोट आमच्या साहेबांनी माझ्या तोंडावर मारली असती." त्यांनी काकूंकडे बघितलं. त्या कमरेवर हात दाबून उभ्या होत्या. "आणि हिला त्यात धरू नका. ही सोडून दोघी."

मी तसंच लिहिलं. तिथल्या तिथे मुलाला कळवलं की मावशी चालू ठेवायच्या, शिवाय उठवायला आणखी एक माणूस लागेल. फोन नाही, मेसेज केला.

मी आल्यापासून काकू उभ्याच होत्या. आता त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता नीघ हो तू. खरंच उशीर होईल."